प्रसंग आणि संहिता : शांतिनिकेतनातील ऋतूत्सवांचा इतिहास

मराठी समीक्षेत ‘प्रासंगिक’ हे विशेषण बहुधा न्यूनत्व दाखवण्यासाठीच योजले जाते. एखादी कविता किंवा नाटिका प्रासंगिक आहे असे म्हटले की प्रसंग सरताच तीही सरली, स्वयंपूर्ण कलाकृतीचा मान तिला नाही, असे त्यात गृहीत धरलेले असते. कलाकृतीच्या स्वायत्ततेचा विचार मराठीत रुजल्यानंतर हे गृहीत अधिकच घट्ट झाले. भारतीय नाट्यपरंपरेला मात्र ते मानवणारे नाही. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात पहिला नाट्यप्रयोग होतो तो इंद्रध्वजाच्या उत्सवात. ‘मालविकाग्निमित्र’ आणि ‘रत्नावली’ ही नाटके वसंतोत्सवानिमित्त होत असल्याचे प्रस्तावनेतच सांगितले जाते. विदर्भातील पद्मपूरशी ज्याचे कुल जोडले गेले आहे त्या भवभूतीची तिन्ही नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेस जमलेल्या लोकांपुढे उभी राहतात. कोकण-गोव्यातील लळित तर उत्सवाच्या सांगतेवाचून संभवतच नाही. तेव्हा उत्सव हे साहित्यकृतीचे केवळ निमित्त असते, की तिच्या रूपबंधाचा तो एक घटक असतो, हा प्रश्न ‘प्रासंगिक’ या एका शब्दाने निकालात काढता येण्यासारखा नाही.

या प्रश्नाच्या तपासणीसाठी आधुनिक काळातील एक उदाहरण विशेष उपयोगी आहे. बंगालमधील शांतिनिकेतन येथे प्रथम एका लहानशा शाळेने आणि नंतर तिच्यातून वाढलेल्या विश्वभारती विद्यापीठाने वर्षानुवर्षे ऋतूंचे उत्सव केले. त्या उत्सवांसाठी रवींद्रनाथ ठाकुरांनी नाटके, गीतनाट्ये आणि शेकडो गीते लिहिली. ही रचना पुढे छापली गेली, संग्रहित झाली, भाषांतरित झाली. आणि वाचकापुढे आली ती उत्सवापासून सुटी होऊन.

शांतिनिकेतनातील उत्सवांची सुरुवात रवींद्रनाथांपासून होत नाही. देवेंद्रनाथांनी १८८८ साली केलेल्या न्यासपत्रात वर्षातून एकदा मेळा भरवावा अशी तरतूद होती. तिच्यातील अटी मुद्दाम लक्षात घेण्याजोग्या आहेत : सर्व धर्मांच्या साधुजनांनी एकत्र येऊन धर्मविचार करावा, मूर्तिपूजा होऊ नये, हीन करमणूक असू नये, मद्य आणि मांस वगळून अन्य वस्तूंचा क्रयविक्रय व्हावा. १८९१ मध्ये उपासनामंदिर झाले आणि १८९४ पासून ७ पौषाचा मेळा भरू लागला. याच सुमारास, १८९३-९४ मध्ये, पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप येत होते. दोहोंचा परस्परांशी काही संबंध नाही. पण जोडी बोलकी आहे. पुण्यात मूर्ती कायम ठेवून तिच्याभोवती व्याख्याने आणि मेळ्यांची पदे उभी राहिली. बोलपूरजवळच्या माळावर मूर्ती वगळून मेळा तेवढा राखला गेला. मूर्ती वगळल्यावर उत्सवाच्या मध्यभागी काय ठेवायचे, ही अडचण तेथे जन्मापासूनच होती. १९०१ मध्ये रवींद्रनाथांनी त्याच जागी ब्रह्मचर्याश्रम काढला आणि ही अडचण त्यांच्या वाट्याला आली.

ती सुटण्यापूर्वी ते एका वेगळ्या प्रकारच्या उत्सवातून गेले. १९०४ मध्ये सखाराम गणेश देउस्करांच्या प्रेरणेने बंगालमध्ये शिवाजी-उत्सवाचे वारे वाहत असताना त्यांनी त्या विषयावर दीर्घ कविता लिहिली. १६ ऑक्टोबर १९०५ ला, वंगभंग अमलात आला त्या दिवशी, राखीबंधनाचा नवा उत्सव त्यांनी कलकत्त्याच्या रस्त्यावर आणला. त्यासाठीही गीत रचले. पुढच्या दोन-तीन वर्षांत स्वदेशी चळवळीतील बहिष्काराचा दुराग्रह आणि हिंदू-मुसलमान तेढ पाहून ते त्या चळवळीपासून दूर झाले. शांतिनिकेतनातील ऋतूत्सव या माघारीनंतरचे आहेत, हा कालक्रम समीक्षेत पुरेसा विचारात घेतला गेलेला नाही. ऋतूला शत्रू नसतो, इतिहास नसतो आणि तो कोणत्याही एका जमातीचा नसतो. देवता आणि राष्ट्र या दोहोंच्या जागी ऋतू आला, यामागे निसर्गप्रेमाइतकाच एक राजकीय अनुभवही उभा आहे.

पहिला ऋतूत्सव मात्र त्यांनी स्वतः योजलेला नव्हता. १९०७ च्या वसंतपंचमीला त्यांचा धाकटा मुलगा शमींद्रनाथ याने सोबत्यांना घेऊन, ऋतूंची सोंगे सजवून तो केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात, वयाच्या अकराव्या वर्षी, शमींद्र पटकीने गेला. या घटनेचा आधार घेऊन पुढल्या सर्व ऋतुगीतांवर शोकाची छाया शोधणारी चरित्रात्मक समीक्षा बंगालीत पुष्कळ आहे. तिच्या मागे जाण्याचे कारण नाही. संस्थेच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच की उत्सवाची कल्पना मुलांच्या खेळातून आली. पुढच्या वर्षी आश्रमात रुजू झालेल्या क्षितिमोहन सेनांनी वैदिक पर्जन्यसूक्तांच्या पठणाने वर्षाऋतूचे स्वागत घडवले. खेळ आणि मंत्र असे दोन घटक हाताशी आले. आता संहिता हवी होती.

ती १९०८ च्या ‘शारदोत्सवा’ने पुरवली. पूजेच्या सुटीपूर्वी विद्यार्थ्यांनी करावयाचे हे नाटक. त्यात स्त्रीभूमिका नाहीत, कारण शाळा मुलांची होती. आरंभीच मुले सुटीचे गाणे गात येतात आणि कंजूष लक्षेश्वर त्यांच्यावर खेकसतो. उपनंद नावाचा मुलगा मात्र सुटी घेत नाही. दिवंगत गुरूचे कर्ज फेडण्यासाठी तो पोथ्यांच्या नकला करीत बसतो. संन्याशाच्या वेषात हिंडणारा राजा विजयादित्य त्याच्यापाशी बसून त्याच्या कामात हातभार लावतो, आणि शेवटी काशफुले व शेफालीच्या माळा घेऊन सर्वजण शरदाची पूजा बांधतात. ज्या उत्सवासाठी नाटक लिहिले गेले तोच उत्सव नाटकाच्या आत घडतो. नाटकातील मुले आणि ती वठवणारी मुले यांच्यात वेषापलीकडे अंतर नाही. नाटकातली सुटी आणि वेळापत्रकातली सुटी एकच. नाट्यतंत्राच्या नेहमीच्या कसोट्या लावल्या तर या कृतीत संघर्ष विरळ आहे आणि कथानक सैल आहे, असा अभिप्राय देता येतो, आणि तो दिलाही गेला आहे. परंतु ज्या प्रेक्षकाला दुसऱ्या दिवशी सुटीसाठी घरी जायचे आहे त्याच्यापुढे उपनंदाने सुटी नाकारणे यात जो ताण आहे, तो छापील पानावर शोधून सापडणार नाही. तो प्रसंगाने पुरवलेला ताण आहे.

हे विधान केवळ तर्काने केलेले नाही. त्याला संहितांच्या इतिहासात पुरावा मिळतो. ‘फाल्गुनी’ हे नाटक १९१५ मध्ये आश्रमात झाले. म्हाताऱ्याला पकडण्यासाठी निघालेली तरुणांची टोळी, त्याच्या गुहेत शिरणारा चंद्रहास, वाट दाखवणारा आंधळा बाउल आणि अखेरीस म्हाताऱ्याच्या ठिकाणी दिसणारे चिरनूतन बाल्य, एवढेच त्याचे सूत्र. या टोळीत एक ‘दादा’ आहे. तो उपदेशपर चौपद्या रचतो आणि त्या ऐकायला कोणी थांबत नाही. प्रसंगाशी ज्याचे काही देणेघेणे नाही अशा शब्दांची ही थट्टाच म्हणायची. आश्रमात या नाटकाला स्पष्टीकरण लागले नाही. जानेवारी १९१६ मध्ये बांकुड्याच्या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी ते कलकत्त्यात जोडासांको येथील वाड्यात झाले तेव्हा त्यापुढे एक नवा प्रवेश जोडला गेला. केस पिकल्याने वैराग्याकडे वळलेला राजा आणि त्याला वसंताचा अर्थ समजावणारा कवी यांचा तो संवाद. त्यातला कवी आणि पुढच्या नाटकातला बाउल या दोन्ही भूमिका रवींद्रनाथांनीच केल्या.

असेच ‘नटीर पूजे’च्या बाबतीत झाले. मे १९२६ मध्ये रवींद्रनाथांच्या वाढदिवशी ते शांतिनिकेतनात झाले ते केवळ मुलींच्या संचात. नंदलाल बसूंच्या कन्या गौरी यांनी नटी श्रीमतीची भूमिका करून नृत्य केले. १९२७ च्या जानेवारीत ते जोडासांकोला न्यायचे ठरल्यावर उपाली या बौद्ध भिक्षूचे पात्र घातले गेले आणि त्या रूपात स्वतः कवी रंगमंचावर आला. भद्रघरच्या मुलींनी सार्वजनिक रंगमंचावर नाचणे त्या काळच्या कलकत्त्याला सहज पचणारे नव्हते. वृद्ध कवीची उपस्थिती ही त्या प्रयोगाची ढाल होती. आज ‘नटीर पूजा’ वाचणाऱ्याला उपाली हा कथानकाचाच घटक वाटतो.

‘शारदोत्सवा’चे ‘ऋणशोध’ हे रूपांतर (१९२१) करताना राजसभेची पार्श्वभूमी आणि कवीचे पात्र आले. कलकत्त्याच्या प्रेक्षकांपुढे झालेल्या ‘वसंत’ (१९२३) या गीतनाट्यात रिकाम्या तिजोरीला कंटाळून मंत्रिसभेतून पळालेला राजा आणि कवी यांचे संभाषण चालते व त्यात गीते गुंफली जातात. ही कृती तुरुंगात असलेल्या काझी नझरुल इस्लाम यांना अर्पण केलेली आहे. ‘शेषवर्षण’मध्ये (१९२५) पुन्हा प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा नटराज. याउलट १९२७ च्या दोलपौर्णिमेला शांतिनिकेतनात सादर झालेली ‘नटराज-ऋतुरंगशाला’ कविता आणि गीतांच्या मालेतून उलगडते. तिला दरबाराच्या चौकटीची गरज पडत नाही. आश्रमाबाहेर जाताना संहितेला प्रश्नकर्ता लागतो, कारण परक्या प्रेक्षकाच्या शंका संहितेतच कोणीतरी विचाराव्या लागतात. हा नियम मात्र ताणू नये. चौकटीलाही पुढे स्वतःचे संकेतमूल्य येते आणि ‘श्रावणगाथे’त (१९३४) ती सवयीने आल्यासारखी वाटते.

गीतांच्या संख्येतूनही असाच एक संकेत मिळतो. ‘गीतवितान’मधील ‘प्रकृती’ विभागात २८३ गीते आहेत. त्यांपैकी वर्षेची ११५, वसंताची ९६, शरदाची ३०, ग्रीष्माची १६, शिशिराची १२ आणि हेमंताची अवघी ५. उरलेली ९ सर्वसाधारण. वर्षा आणि वसंत हे भारतीय काव्याचे लाडके ऋतू, म्हणून हे घडले असे म्हणता येईल, आणि ते खोटे नाही. पण वर्षामंगल आणि वसंतोत्सव हेच तेथील दोन मोठे ऋतूत्सव होते, हेमंताचा उत्सव नव्हता आणि ग्रीष्मात आश्रमाला दीर्घ सुटी असे, ही गोष्ट बाजूला ठेवून ही विषम वाटणी पुरती उलगडत नाही. शिशिरात पौषमेळा असूनही गीते थोडी आहेत, हा आक्षेप येथे संभवतो. तो उत्सव उपासनेचा. त्याला साजणारी गीते ‘पूजा’ विभागात मुबलक आहेत.

ऋतूत्सवाचे दृश्यरूप घडले ते कलाभवनात. रंगवलेल्या पडद्यांविरुद्ध रवींद्रनाथांनी १९०२ च्या ‘रंगमंच’ या निबंधातच मत मांडले होते. नंदलाल बसू आणि सुरेंद्रनाथ कर यांनी त्याला प्रत्यक्ष रूप दिले. घराच्या उंबऱ्यापाशी बायका व्रतासाठी काढत ती आलपना त्यांनी आम्रकुंजाच्या भूमीवर आणली आणि तिच्यातील व्रतचिन्हांच्या जागी आसपासच्या झाडापानांचे आकार बसवले. नृत्य मणिपुरातून आले. १९१९ मध्ये सिल्हटजवळ मणिपुरी नृत्य पाहिल्यानंतर रवींद्रनाथांनी त्याचे शिक्षक आश्रमात आणवले. या जुळणीत महाराष्ट्राचाही थोडा वाटा आहे. पंडित भीमराव शास्त्री तेथे शास्त्रीय संगीत शिकवीत; कोल्हापूरकडचे विनायक मासोजी कलाभवनात प्रथम विद्यार्थी आणि पुढे अध्यापक होते. १९१४-१५ मध्ये काका कालेलकरांनी तेथे काही काळ घालवला, आणि सणांचा नव्याने अर्थ लावणारे लेखन त्यांनीच पुढे केले. दोहोंत कार्यकारणभाव लावणे घाईचे ठरेल. पण सणांवरच्या त्या लेखनाचा अभ्यास करणाऱ्याने शांतिनिकेतनचे ते महिने वगळू नयेत. जुलै १९२८ मध्ये वृक्षारोपण आणि श्रीनिकेतनात हलकर्षण सुरू झाले. कवीने नांगराला हात लावण्याचा तो प्रसंग नंदलालांनी भिंतीवर रंगवला.

रवींद्रनाथांच्या हयातीत या उत्सवांचे एक लक्षण कायम होते : संहिता कधी स्थिरावली नाही. एका नाटकातील गीते दुसऱ्यात जात. ‘नटराज-ऋतुरंगशाला’ त्याच वर्षअखेर कलकत्त्यात ‘ऋतुरंग’ होऊन आली. १९३१ मध्ये वसंतासाठी पुन्हा ‘नवीन’ लिहिले गेले. उत्सव दरवर्षी तोच, त्याची संहिता मात्र दरवर्षी निराळी. १९४१ नंतर हे प्रमाण उलटले. कवीच्या पश्चात नवी संहिता लिहिण्याचा अधिकार कोणाचाच राहिला नाही. १९५१ मध्ये विश्वभारती केंद्रीय विद्यापीठ झाली. अभ्यासक्रम, पदव्या, परीक्षा आल्या. ‘स्वरवितान’च्या खंडांतील स्वरलिपी प्रमाण ठरली आणि ध्वनिमुद्रणांना विश्वभारतीच्या संगीत मंडळाची संमती लागू लागली. देवव्रत विश्वास यांच्यासारख्या गायकाला या मंडळाच्या आक्षेपांमुळे ध्वनिमुद्रणे थांबवावी लागली. १९९१ अखेर संपणारा स्वामित्वहक्क कायद्यातील दुरुस्तीने आणखी दहा वर्षे वाढला. ‘फाल्गुनी’ रवींद्रनाथांनी दिनेंद्रनाथांना अर्पण केली ती त्यांच्या गीतांचे भांडार सांभाळणारा माणूस म्हणून. ते भांडार आता कार्यालयाच्या स्वाधीन झाले. गीते भ्रष्ट होऊ नयेत ही चिंता अनाठायी नव्हती. पण हे सांभाळणे आणि ज्या रीतीने ती गीते जन्मली ती रीत या परस्परविरोधी गोष्टी होत्या, याची दखल रक्षणकर्त्यांनी घेतलेली दिसत नाही.

कलाभवनाने या कोंडीतून वेगळी वाट काढली. १९७३ पासून नंदलाल बसूंच्या जयंतीच्या, म्हणजे ३ डिसेंबरच्या, आदल्या दोन दिवसांत नंदनमेळा भरू लागला. विद्यार्थी आणि अध्यापकांनी केलेल्या वस्तू, चित्रे, मुद्राचित्रे, मातीकाम अल्प दरात विकायचे आणि जमलेला पैसा विद्यार्थी-साहाय्यासाठी राखायचा, असे त्याचे स्वरूप. या मेळ्याला पूर्वनियोजित संहिता नाही. दरवर्षी जे होईल ते नवे करावे लागते. निर्मितीच्या अर्थाने पाहिले तर जुन्या ऋतूत्सवांचा वारसा वसंतोत्सवापेक्षा या विक्रीच्या मांडवात अधिक टिकला आहे.

वसंतोत्सवाची गोष्ट वेगळ्या दिशेने गेली. दोलपौर्णिमेच्या सकाळी पिवळ्या साड्या नेसलेल्या, पळसफुले माळलेल्या मुली, ठरलेल्या गीताची मिरवणूक आणि शेवटी कोरडा अबीर, हे दृश्य छायाचित्रांतून सर्वत्र पोहोचले आणि ते पाहण्यासाठी कलकत्त्याहून गाड्या भरभरून माणसे येऊ लागली. सहभागी आणि प्रेक्षक यांच्यात मुळी भेदच नसावा या कल्पनेवर उभा असलेला उत्सव प्रेक्षकांच्या संख्येखाली दबला. २०१९ मध्ये तो नेहमीप्रमाणे खुला झाला. २०२० मध्ये साथीमुळे रद्द झाला. त्याच वर्षी ऑगस्टात पौषमेळ्याच्या मैदानाला कुंपण घालण्यावरून मोडतोड झाली. २०२३ मध्ये दोलच्या काही दिवस आधी, संस्थेतील मंडळींपुरती ‘वसंतवंदना’ करण्यात आली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात शांतिनिकेतनची जागतिक वारसास्थळांत नोंद झाली. दारे बंद करणे म्हणजे रवींद्रनाथांच्या उदारतेचा द्रोह, असा आरोप झाला. इतिहास पाहता तो तितकासा सरळ नाही, कारण १९०८ चा उत्सव आश्रमातील मुलांपुरताच होता आणि त्याची बलस्थाने त्या मर्यादेतूनच आली होती. मात्र तेव्हाच्या मर्यादित उत्सवात नवी संहिता जन्मत होती. आताच्या मर्यादित उत्सवाची गीतेही आधीच ठरलेली असतात.

छापील संहितेला तर या उलथापालथीचा स्पर्शही झालेला नाही. ‘रवींद्र-रचनावली’त ‘फाल्गुनी’ उघडली की वाचकाला प्रथम भेटतो तो पिकल्या केसाने धास्तावलेला राजा आणि त्याची समजूत घालणारा कवी, म्हणजे १९१६ च्या कलकत्त्यातील परक्या प्रेक्षकासाठी लिहिलेला प्रवेश. आश्रमातल्या मुलांनी ज्यापासून आरंभ केला होता ते वेणुवनाचे गाणे त्यानंतर बऱ्याच पानांनी येते.